क्षेत्रफळ म्हणजे पाणी नव्हे

माझे मामा जलसंपदा खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची सगळी वर्षं धरणांच्या पाणीपातळ्या, आवक, विसर्ग आणि गाळ यांचे हिशेब ठेवण्यात गेली. मी उपग्रहांच्या प्रतिमांवरून उंच प्रदेशातल्या तळ्यांचा मागचा इतिहास वाचते. आमचा वाद जुना आहे. मामांच्या मते उपग्रहाला दिसतं ते फक्त क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ म्हणजे पाणी नव्हे. मी म्हणते, ज्या पठारांवर मोजपट्टी रोवायला कुणी गेलंच नाही, तिथे क्षेत्रफळाची चाळीस-पन्नास वर्षांची सलग नोंद हीच एक साक्ष उरते; ती बाजूला सारली तर तिथल्या माणसांच्या हाती स्वतःच्या शब्दाखेरीज काही राहत नाही. या खेपेला हा वाद बोलिव्हियातल्या पोओपो सरोवरावरून निघाला आणि बराच लांबला. तो लिहून काढावासा वाटला, कारण बोलता बोलता दोघांचीही मतं थोडी सरकली.

पोओपो हे अँडीज पर्वताच्या दोन रांगांमधल्या आल्तिप्लानो पठारावरचं खारं सरोवर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६८६ मीटर. टिटिकाकानंतर बोलिव्हियातलं दुसऱ्या क्रमांकाचं सरोवर म्हणून ते ओळखलं जायचं. टिटिकाकाचं जास्तीचं पाणी देसाग्वादेरो नावाच्या नदीने खाली दक्षिणेला पोओपोकडे येतं. काठावर उरू लोकांच्या वस्त्या. पिढ्यानपिढ्या मासेमारी आणि पाणपक्षी यांवर जगणारी माणसं. डिसेंबर २०१५ मध्ये हे सरोवर आटल्याचं बोलिव्हियात अधिकृतपणे सांगितलं गेलं.

मामा : तू मला दोन प्रतिमा दाखवल्यास. पहिली १२ एप्रिल २०१३ ची, दुसरी १५ जानेवारी २०१६ ची. पहिलीत पाणी, दुसरीत पांढरट जमीन. तिथला पावसाळा कधी असतो?

मी : साधारण डिसेंबर ते मार्च.

मामा : म्हणजे एप्रिलचं तळं पावसाळा संपून भरलेलं, आणि जानेवारीचं पाऊस अजून चालू असतानाचं. जायकवाडी धरणाचा ऑक्टोबरमधला नाथसागर आणि जूनअखेरचा नाथसागर शेजारी ठेवून कुणी मला धरण आटल्याचा अहवाल दिला असता, तर मी तो परत पाठवला असता. वर्तमानपत्रांनी मात्र याच दोन प्रतिमा जगभर छापल्या.

मी : दोन प्रतिमांवरून निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे. पण त्या जानेवारीत तळं उथळ किंवा आक्रसलेलं नव्हतं, ते जवळजवळ नव्हतंच. आणि मी या दोनच प्रतिमांवर थांबलेले नाही. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ ला सुटला. १९८४ पासून तीस मीटर बारकाव्याच्या प्रतिमा नियमित मिळू लागल्या. एकेक उपग्रह दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. ढग असलेले दिवस वगळले, तरी प्रत्येक वर्षाचे कोरडे महिने कोरड्या महिन्यांशी आणि ओले ओल्यांशी ताडून बघता येतात. तुम्ही धरणाच्या नोंदवहीत करता तेच.

मामा : तीस मीटर म्हणजे एक ठिपका तीस बाय तीसचा. नऊशे चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे.

मी : हो. त्याआधीच्या, सत्तरच्या दशकातल्या प्रतिमांचा ठिपका दीड एकराहून मोठा. छोटं तळं त्यात दिसणारच नाही. पोओपोसारख्या हजार चौरस किलोमीटरच्या सरोवराला मात्र तो पुरतो.

मामा : आणि त्या नऊ गुंठ्यांत अर्धं पाणी, अर्धा चिखल असेल तर?

इथे मामांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पाणी ओळखण्याची पद्धत वरवर सोपी आहे. सूर्यप्रकाशातले, आपल्या डोळ्यांना न दिसणारे काही अवरक्त किरण पाणी गिळून टाकतं, तर कोरडी माती आणि झाडं ते परत पाठवतात. हिरवा प्रकाश आणि अवरक्त यांचं गुणोत्तर काढलं की पाण्याचे ठिपके वेगळे पडतात. १९९६ मध्ये अशा निर्देशांकाची मांडणी झाली, २००६ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि आज बहुतेक सगळे त्याच कुळातली सूत्रं वापरतात. उंच प्रदेश मात्र या सूत्रांना वारंवार फसवतो. डोंगराची गडद सावली पाण्यासारखी दिसते. गोठलेलं तळं बर्फासारखं दिसतं आणि ताजा बर्फ कधी पाण्यात जमा होतो. खाऱ्या सरोवराच्या काठी मिठाची पांढरी साय असते, तिच्याखाली ओला चिखल, आणि वर कुठे बोटभर पाणी. हे बोटभर पाणी मोजायचं की सोडायचं, यावर पोओपोचं क्षेत्रफळ शेकडो चौरस किलोमीटरनी बदलू शकतं.

मामा : आमच्याकडे उलटी फसवणूक होते. पाणी उतरलं की बुडीत क्षेत्रात गाळपेर होते. हरभरा, कलिंगड. वरून बघणाऱ्याला हिरवंगार शेत दिसतं. तो म्हणेल, इथे कायमची शेती आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये तीच जमीन पंधरा फूट पाण्याखाली.

मी : म्हणूनच एका तारखेला अर्थ नसतो. १९८४ ते २०१५ या काळातल्या लँडसॅटच्या तीस लाख प्रतिमा घेऊन युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी जगभरच्या पाण्याचा नकाशा केला, तो डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक ठिपक्यासाठी विचारलेला प्रश्न होता : गेल्या बत्तीस वर्षांत इथे किती वेळा पाणी होतं? तुमची गाळपेर त्यात हंगामी पाणी म्हणून येईल, शेत म्हणून नाही.

मामा : त्याच अभ्यासातले आकडे तू मागे सांगितले होतेस. जगात नव्वद हजार चौरस किलोमीटर कायमचं पाणी नाहीसं झालं, आणि एक लाख चौऱ्याऐंशी हजार नवं तयार झालं. हे वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? म्हणजे जग फायद्यात आहे. दुप्पट मिळालं, निम्मं गेलं. मग कळलं, की त्या नव्या पाण्यात मोठा वाटा आमच्यासारख्यांनी बांधलेल्या धरणांचा आहे. धरणाचं पाणी म्हणजे नदीचंच अडवलेलं पाणी. इकडचं वाढलेलं आणि तिकडचं घटलेलं यांची बेरीज कशी करायची? पोओपोच्या कोळ्याला चीनमधल्या धरणाचं पाणी कसं भरून देणार?

मी : बेरीज त्यांनीही केली नाही मामा, त्यांनी दोन्ही आकडे वेगळे ठेवले. बेरीज वाचणाऱ्याच्या मनात होते.

मामा : आकडा प्रसिद्ध करणाऱ्याने वाचणाऱ्याच्या मनाचाही विचार करायचा असतो. आता माझा मूळ मुद्दा. पोओपोची खोली किती होती?

मी : भरलेलं असतानाही बहुतेक जागी तीन मीटरच्या आत. कोरड्या वर्षांत एखादा मीटर.

मामा : म्हणजे परात. परातीत पाणी एक बोट उतरलं की काठ हातभर आत सरकतो. असं बघ. हजार चौरस किलोमीटरवर सरासरी एक मीटर पाणी म्हणजे हजार दलघमी (दशलक्ष घनमीटर), पस्तीस टीएमसी (अब्ज घनफूट). नाथसागराचं क्षेत्रफळ पोओपोच्या साधारण तिसरा हिस्सा, पण उपयुक्त साठा २,१७१ दलघमी. तिप्पट पसरलेल्या तळ्यात निम्म्याहून कमी पाणी! आणि तिथे वर्षाचं बाष्पीभवन किती?

मी : दीड मीटरहून जास्त. पाऊस चारशे मिलिमीटरच्याही खाली.

मामा : मग वरून नदीचं पाणी आलं नाही, तर असं तळं वर्षभरात जाणारच. तुझ्या प्रतिमेत हजार चौरस किलोमीटर निळं दिसत होतं, तेव्हाच त्याचा जीव एका वर्षाचा होता. हे प्रतिमेत कुठे दिसलं?

मला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. मामांचा हिशेब सरळ होता, आणि तो करायला उपग्रह लागत नव्हता. मात्र हेही खरं की पोओपोची पातळी रोज वाचून ठेवणारी भक्कम नोंद तिथे फारशी नाही. तळ्याच्या आटण्याची कारणं शोधणाऱ्या अभ्यासकांनी उपग्रहांकडे वळण्याचं हेच कारण दिलं आहे : जमिनीवरची मोजमापं अपुरी आहेत. ज्यांच्याकडे गेज, म्हणजे पातळीची मोजपट्टी आहे, त्यांना उपग्रह जोडीला लागतो. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांची तिथूनच सुरुवात होते.

मामा : मी उपग्रहाच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. आमच्या नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, ज्याला आम्ही मेरी म्हणतो, धरणातला गाळ याच प्रतिमांवरून काढतात. धरण बांधताना कोणत्या पातळीला किती क्षेत्र आणि किती साठा, याचा तक्ता केलेला असतो. मग पाणी उतरत असताना वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा घ्यायच्या, त्या दिवशीची गेजवरची पातळी घ्यायची, आणि त्या पातळीला आज पाणी किती पसरतंय ते बघायचं. मूळ तक्त्यापेक्षा पसारा कमी भरला, की तेवढी जागा गाळाने खाल्ली. होडीतून दोर टाकत महिनोन्महिने करायचं काम टेबलावर होतं. पण त्यात पातळी माझी असते. तू पातळीशिवाय बोलतेस.

मी : पातळीही आता वरून मोजतात. १९९२ पासून रडारचे उपग्रह पाण्याची उंची मोजत आले, पण ते एका बारीक रेषेवरून जातात; रेषेखाली तळं आलं तर आलं. २०१८ मध्ये लेझरने उंची मोजणारा आइससॅट-२ गेला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून सोडलेला स्वॉट तर रुंद पट्टाच मोजतो. अडीचशे मीटर बाजूच्या चौरसाएवढ्या तळ्यांच्याही पातळ्या टिपाव्यात, अशी त्याची आखणी आहे.

मामा : हे २०२२ पासून. तळं त्याच्याआधीच गेलं.

मी : गेलं, तसं पूर्वीही गेलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, अतिवृष्टीच्या वर्षांत, ते तीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास फुगलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात जवळपास पूर्ण आटलं. पुन्हा भरलं. २०१५ मध्ये आटलं. त्यानंतरही ओल्या वर्षांत थोडं पाणी आलं आणि गेलं. हे चढउतार फक्त सलग मालिकेतच दिसतात.

मामा : आणि ही मालिका हातात आली की सत्तेत बसलेला माणूस पहिल्यांदा काय म्हणणार? "बघा, नव्वदच्या दशकातही आटलं होतं. आटतं आणि भरतं. निसर्ग आहे." तुझी साक्ष त्याच्याच कामी येते. दुष्काळाच्या बैठकांमध्ये मी हे पुष्कळ ऐकलंय. बाहत्तरचा दुष्काळ काढायचा आणि आजची मागणी झटकायची.

हा आक्षेप मला सगळ्यात जड गेला, कारण पोओपोबाबत असा युक्तिवाद खरोखर करता येतो आणि त्यात अर्धं तथ्य आहे. तळं उथळ आहे, पठार कोरडं आहे, एल निन्योच्या वर्षांत पाऊस हुकतो. उरूंनाही तळं मागे जातं आणि परत येतं हे ठाऊक होतं. मग २०१५ मध्ये वेगळं काय होतं?

मी : वेगळं काय हे शोधायला तीच मालिका लागते, फक्त तळ्यापुरती बघून भागत नाही. पाऊस, बाष्पीभवन आणि पाणलोटातली शेती यांच्या उपग्रही नोंदी तळ्याच्या क्षेत्रफळाशेजारी ठेवाव्या लागतात. १९९० ते २०१५ या काळासाठी हे काम झालं आहे, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हवामानाचा वाटा आहेच, आणि माणसाचाही आहे. किन्वा या धान्याला जगभर भाव आला आणि पठारावर शेती पसरली. देसाग्वादेरोचं पाणी वाटेतच उचललं जातं. टिटिकाकाचंही गणित नाजूक आहे : त्यात येणाऱ्या पाण्यातलं बहुतेक सगळं तिथेच वाफ होऊन जातं, थोडासा हिस्सा नदीत उतरतो. टिटिकाकाची पातळी जरा खाली गेली की नदी क्षीण. आणि नदी टिटिकाकातून निघते तिथे आता दारं आहेत, पेरू आणि बोलिव्हिया यांच्या संयुक्त प्राधिकरणाकडे त्या पाण्याची व्यवस्था आहे.

मामा : आता तू माझ्या प्रांतात आलीस. दारं आहेत म्हणजे विसर्ग आहे, विसर्ग आहे म्हणजे कुणाच्या तरी सहीने झालेला हुकूम आहे. हे निसर्ग नव्हे. आणि खाणी? तळं ज्या ओरुरो प्रांतात आहे, तो तर खाणींचा मुलूख.

मी : वानुनीची कथिलाची खाण तिथली मोठी. धातू धुतलेलं पाणी आणि त्यातला गाळ ओढ्यांतून तळ्याकडे येतो. तळ्याचा तळ वर येतो, तोंडाशी गाळ साचतो, जड धातू पाण्यात मिसळतात. २०१४ च्या अखेरीस मासे मोठ्या संख्येने मेले. तळं तेव्हा आटलेलं नव्हतं.

मामा : ऐक, तूच काय म्हणालीस. मासे मेले तेव्हा प्रतिमेत पाणी होतं. निळं होतं. कोळ्याचं तळं संपलेलं होतं आणि तुझं अजून शिल्लक होतं.

मी गप्प बसले. हे मी आधी कधी असं पाहिलं नव्हतं. आमच्या तक्त्यात पोओपोचा शेवट २०१५ च्या अखेरीस लिहिलेला असतो. पुन्याका तिंता मारियासारख्या उरू वस्तीत तो वर्षभर आधीच झाला. तिथली तरुण माणसं मिठागरांत, खाणींत, शहरांत गेली. उरूंजवळ शेतजमीन जवळपास नाही. काठावरची जमीन आयमारा शेतकऱ्यांची आहे. पाण्यावर जगणाऱ्यांना पाणी गेल्यावर जमिनीवर पाय ठेवायलाही परवानगी मागावी लागते.

मामा : आणि तळाची जमीन? उघडी पडलेली? तिच्यावर कुणाचा हक्क?

मी : तोच मोठा तंटा.

मामा : आमच्याकडे गाळपेराचे पट्टे देताना आधी धरणग्रस्तांचा विचार करायचा, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही ही वेगळी गोष्ट, पण नियम आहे. कारण ज्याची जमीन पाण्याखाली गेली, त्याला पाणी उतरल्यावर पहिला हक्क. तिथे उलट आहे. ज्यांचं पाणीच गेलं, त्यांचा तळाच्या जमिनीवर पहिला हक्क हवा. तुझ्या नकाशावर ती जागा "कोरडी जमीन" म्हणून रंगवलेली असेल, तर तूच ती दुसऱ्याच्या नावावर करायला मदत केलीस.

मी : मामा, नकाशात तिला "पूर्वीचं कायमचं पाणी" असा स्वतंत्र रंग आहे. उरूंना हक्क सांगायचा असेल, तर कोणत्या साली पाणी कुठवर होतं हे ठिपक्या-ठिपक्याने सांगणारा दुसरा कागद त्यांच्याकडे कोणता आहे? त्यांच्या आजोबांची आठवण न्यायालयात टिकत नाही. प्रतिमा टिकते. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा साठा फुकट खुला झाला, त्याआधी एकेका प्रतिमेला पैसे मोजावे लागायचे. आता ओरुरोतला शाळामास्तरही त्या काढू शकतो.

मामा : काढू शकतो. काढून देणारं कुणी आहे का?

याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. मग मी विषय तिबेटच्या पठाराकडे नेला, कारण तिथे सगळं उलट आहे. तिथली तळी गेल्या तीस वर्षांत वाढत आहेत. एक चौरस किलोमीटरहून मोठ्या तळ्यांचं एकूण क्षेत्रफळ सत्तरच्या दशकात सुमारे चाळीस हजार चौरस किलोमीटर होतं. पुढच्या चाळीस वर्षांत त्यात सहा-सात हजारांची भर पडली. सिलिंग त्सो हे सरोवर इतकं फुगलं की त्याने नाम त्सोला मागे टाकलं. यात मोठा वाटा वाढलेल्या पाऊस-बर्फाचा आहे, वितळत्या हिमनद्यांचा त्याहून कमी. विरळ वस्तीच्या, जवळपास पाच किलोमीटर उंचीच्या त्या मुलखात ही गोष्ट उपग्रहांवाचून कुणाला कळली असती, असं मला वाटत नाही.

मामा : वाढलं म्हणजे बरं झालं?

मी : नाही. कुरणं बुडाली, रस्ते बुडाले. सप्टेंबर २०११ मध्ये झुओनाई नावाचं तळं काठ फोडून वाहिलं. चिरू हरिणांच्या माद्या पिल्लं घालायला दरवर्षी याच तळ्याकाठी येतात. पाणी एकामागून एक तळी ओलांडत खालच्या खाऱ्या तळ्यात गेलं आणि तेही फुगत चाललं. पुढे तिबेटला जाणारी रेल्वे. प्रतिमांवरून त्या तळ्याची वाढ वर्षानुवर्षं मोजली जात होती. २०१९ मध्ये पाण्याला वाट काढून देणारा कालवा खणला गेला. इथे मोजणं आणि कृती यांची गाठ पडली.

मामा : रेल्वे होती म्हणून पडली. आता सिक्कीम सांग.

दक्षिण ल्होनाकविषयी बोलताना मला त्रास होतो. उत्तर सिक्कीममध्ये, समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरहून उंचावर, हिमनदीच्या पायथ्याशी हे तळं साचत गेलं. १९७७ मध्ये ते साडेसतरा हेक्टर होतं, २००८ मध्ये जवळपास नव्याण्णव. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये ते फुटण्याची शक्यता ४२ टक्के असल्याचं लिहिलं. २०१६ मध्ये नळ्या टाकून थोडं पाणी उपसण्याचा प्रयत्न झाला. २०२१ मध्ये आणखी एका शोधनिबंधाने धोका मांडला. २८ सप्टेंबर २०२३ च्या प्रतिमेत तळं १६७ हेक्टर भरलं. ३ ऑक्टोबरच्या रात्री बाजूचा गोठलेला डोंगरउतार तळ्यात कोसळला, लाट उठली, काठ फुटला. ४ ऑक्टोबरच्या सकाळी रडारच्या प्रतिमेत तळं साठ हेक्टर उरलं होतं. चुंगथांगचं तीस्ता-३ धरण वाहून गेलं. पन्नासहून अधिक माणसं मेली, सत्तरहून अधिक सापडलीच नाहीत.

मामा : शेहेचाळीस वर्षं दिसत होतं.

मी : दिसत होतं.

मामा : मला दोष कुणाला द्यायचा नाही. पण गेज आणि प्रतिमा यांतला फरक मला इथे दिसतो. धरणावरचा गेजवाचक आकडा वाचतो तेव्हा त्या आकड्याला मालक असतो. अमुक पातळीला शाखा अभियंत्याला कळवायचं, तमुक पातळीला पूर नियंत्रण कक्षाला, त्यापुढे तहसीलदाराला, आणि खालच्या गावांत भोंगा. कुणी कळवलं नाही तर उद्या त्याला नावानिशी विचारता येतं. तुझ्या १६७ हेक्टरचा मालक कोण होता? तो आकडा दिसल्यावर कुणी कुणाला फोन करायचा, हे कुठे लिहिलं होतं?

मला वाटतं, आमच्या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने हिमालयातल्या मोठ्या हिमतळ्यांचा आढावा प्रसिद्ध केला. २०१६-१७ मध्ये दहा हेक्टरांहून मोठी २,४३१ तळी. त्यातली ६७६ तळी १९८४ पासून लक्षणीय वाढलेली. त्यांपैकी १३० भारतात. हिमाचलमधलं घेपांग गाथ १९८९ मध्ये ३६ हेक्टर होतं, २०२२ मध्ये १०१. हे आकडे मिळवायला अपार कष्ट पडतात आणि ते कष्ट करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण या १३० तळ्यांपुढे १३० नावं लिहिलेली असायला हवीत : कोणत्या तळ्याचा आकडा कोण वाचणार, किती हेक्टरांना कुणाला कळवणार, खालच्या कोणत्या वस्त्या कधी हलवणार. अभ्यासक म्हणून आपलं काम आलेख काढण्यापर्यंत आहे, अशी माझी समजूत होती. ती मी सोडली आहे.

मामांनीही एक गोष्ट सोडली. ती अशी.

मी : तुम्ही म्हणता, पातळीशिवाय क्षेत्रफळाला अर्थ नाही. मग उन्हाळ्यात तलाव कोरडा पडल्यावर तुम्ही काय करायचात?

मामा : तळाचा सर्व्हे. पाणी नसताना तळाची उंची मोजायला सोपी. तीच वेळ असते.

मी : पोओपो आता बराच काळ कोरडं असतं. आइससॅट-२ चं लेझर त्या उघड्या तळावरून वर्षानुवर्षं जातंय. तळाची उंची कळली, तर कोणत्या पातळीला पाणी कुठवर पसरेल याचा तक्ता मांडता येतो. तुमच्या धरणाचा असतो तसाच. आणि तो तक्ता हातात आला, की १९८४ पासूनच्या प्रत्येक प्रतिमेतल्या क्षेत्रफळाला पातळी जोडता येते, पातळीवरून घनफळ. मागच्या चाळीस वर्षांचं पाणी दलघमीत लिहिता येतं.

मामा बराच वेळ मनात हिशेब करत होते.

मामा : तळ तोच राहिला असेल तर. खाणीचा गाळ येत राहिलाय. आजचा तळ लावून १९८६ चं पाणी काढशील, तर ते कमी भरेल.

मी : मान्य. उत्तरेच्या तोंडाशी जास्त फरक पडेल, दक्षिणेकडे कमी. चूक किती हे सांगून मांडायचं.

मामा : तसं असेल तर कर. माझी हरकत नाही. उलट हे आधीच व्हायला हवं होतं. पण घनफळ आल्यावर पुढचा प्रश्न तू टाळू नकोस. हजार दलघमी पाणी तळ्यात ठेवायचं, वर्षाला दीड हजार दलघमीहून जास्त वाफ होऊन जाणार, पावसाचं चारशेच्या आत भरून येणार. म्हणजे हजाराच्या वर पाणी दरवर्षी नद्यांनी आणायला हवं. त्यातलं किती देसाग्वादेरोने आणायचं? दारातून किती सोडलं तर वाटेतली शेती उचलूनही तेवढं खाली पोहोचेल? हा महिन्या-महिन्याचा विसर्ग तुला वरून दिसत नाही.

मी : नाही दिसत. नदी अरुंद आहे, आणि दार किती उघडलं हे प्रतिमेत येत नाही.

मामा : मग तुझ्या चाळीस वर्षांच्या मालिकेशेजारी दाराच्या विसर्गाची वही ठेवायला लाव. दोन्ही रकाने एका पानावर. आणि ते पान पहिल्यांदा काठावरच्या कोळ्यांच्या हातात द्यायचं, ओरुरोच्या कार्यालयात नंतर.

मी : कार्यालयातून मागितल्याशिवाय दाराची वही मिळणार नाही.

मामा : मागायला कोळी जातील. त्यांच्या हातात तुझी मालिका असली, की त्यांना नुसतं "पाऊस झाला नाही" असं सांगून परत पाठवता येणार नाही. कोणत्या वर्षी पाऊस होऊनही तळं भरलं नाही, ती वर्षं तेवढी आधी वेगळी काढ.

ती वर्षं वेगळी काढण्याचं काम मी सध्या करते आहे.